मोटारीचे नवे टायर : महाग घ्यावेत की माफक?

हजार-बाराशे किलो वजनाची मोटार आणि तीत बसलेली चार-पाच माणसे यांचा सारा भार प्रत्येक चाकाखालच्या सुमारे तळहाताएवढ्या रबरावर टेकलेला असतो. आणि मोटारीला वेग देणे, वळवणे व थांबवणे या तिन्ही क्रिया, इंजिन कितीही बलवान असो वा ब्रेक कितीही कार्यक्षम असोत, अखेर याच चार जागांच्या द्वारे घडून येतात. ब्रेक चाक थांबवतो, मोटार थांबवतो तो टायर. ही गोष्ट मनात पक्की बसली, की टायर बदलण्याचा प्रसंग हा दुरुस्तीच्या बिलातला एक नकोसा आकडा राहत नाही. घरातील माणसांच्या सुरक्षिततेविषयीचा तो एक विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय ठरतो.

जुने टायर झिजल्यावर दुकानात गेलेल्या गृहस्थापुढे एकाच मापाचे दोन-तीन टायर मांडले जातात आणि त्यांच्या किमतींत कधी दीडपट तर कधी जवळजवळ दुपटीचे अंतर निघते. बाह्यतः सारे काळे, गोल आणि नव्या नक्षीचे. मग हे अंतर कशाचे, आणि ते आपण मोजावे की न मोजावे, असा प्रश्न त्याला पडतो. या प्रश्नाचे सर्वांना सारखे लागू पडणारे उत्तर नाही. परंतु उत्तर काढण्याची रीत मात्र सर्वांना सारखीच आहे, आणि ती सांगणे हे या लेखाचे प्रयोजन होय. माझा अभिप्राय आरंभीच नोंदवतो. आपल्याकडील बहुसंख्य मोटारमालकांना नामांकित कंपनीचा मध्यम किमतीचा टायर पुरेसा आहे. महामार्गावर वेगाने किंवा मुसळधार पावसाच्या मुलखात नित्य प्रवास करणाऱ्याने वरच्या श्रेणीसाठी अधिक पैसे अवश्य खर्च करावेत. आणि टायर कोणत्याही श्रेणीचा असो, तो मुदतीत बदलण्याची तजवीज ठेवावी, कारण वेळेवर बदललेला माफक टायर हा गुळगुळीत होईपर्यंत ओढलेल्या महाग टायरपेक्षा केव्हाही अधिक भरवशाचा असतो.

किंमत कशाची असते?

टायर म्हणजे साच्यातून काढलेले निव्वळ रबर, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती यथार्थ नाही. नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, काजळी, सिलिका, गंधक व तेले यांचे मिश्रण, त्याच्या आत पॉलिएस्टरसारख्या धाग्यांचे थर, नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे आणि रिमला घट्ट धरून ठेवणारी तारांची कडी, इतक्या घटकांची ती रचना असते. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली ज्या रेडियल रचनेचे पेटंट घेतले, ती आज मोटारींच्या टायरांत सार्वत्रिक झाली आहे. त्यामुळे स्वस्त टायर आणि महाग टायर यांचा सांगाडा मूलतः एकाच जातीचा असतो. फरक पडतो तो मिश्रणाच्या गुणवत्तेत, नक्षीच्या आखणीत, पट्ट्यांवरच्या जादा थरांत आणि एका टायरपासून दुसऱ्या टायरपर्यंत दर्जा सारखा राखण्याच्या शिस्तीत.

यातील मिश्रणाची बाब विशेष समजून घेण्याजोगी आहे. टायरकडून आपण परस्परविरोधी अशा तीन अपेक्षा करतो: ओल्या रस्त्यावर त्याने घट्ट पकड धरावी, त्याने पुष्कळ किलोमीटर टिकावे आणि त्याने फिरताना कमी ऊर्जा खाऊन इंधन वाचवावे. रबर मऊ ठेवले तर पकड वाढते पण झीजही वाढते. कठीण केले तर आयुष्य लांबते पण पावसात पकड ढिली पडते. एका अपेक्षेची पूर्ती करताना दुसरीची हानी होऊ न देणे हेच टायरशास्त्रातील खरे कौशल्य होय. १९९०नंतरच्या दशकात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरण्याची पद्धत रूढ झाली आणि तिने ओल्या रस्त्यावरील पकड व इंधनबचत या दोहोंचा मेळ पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला घालून दिला. अशा मिश्रणाचे संशोधन, ते कालवण्याची यंत्रसामग्री आणि चाचण्यांसाठी बांधलेले स्वतंत्र मार्ग यांचा खर्च वरच्या श्रेणीच्या टायरच्या किमतीत अंतर्भूत असतो. अर्थात जाहिरातींचा आणि नावलौकिकाचा खर्चही त्यातच असतो; म्हणून अधिक किंमत ही अधिक गुणाचा संभव दर्शवते, परंतु त्याचा निर्विवाद पुरावा ठरत नाही.

कसोटी लागते ती ओल्या रस्त्यावर

कोरड्या डांबरी रस्त्यावर, बेताच्या वेगात, चांगल्या स्थितीतील कोणताही नवा टायर मोटारीला ठीक थांबवतो आणि तेथे महाग व माफक यांतील अंतर सामान्य चालकाच्या क्वचितच ध्यानात येते. अंतर उघड होते ते पाऊस पडू लागल्यावर. रस्त्यावर साचलेले पाणी टायरच्या खाचांतून बाजूला सारले गेले तरच रबर रस्त्याला भिडते. पाणी वेळेवर सरले नाही तर चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते आणि त्या क्षणी सुकाणू व ब्रेक ही दोन्ही साधने निष्प्रभ होतात. खाचांची खोली, त्यांची आखणी आणि ओल्या पृष्ठभागाला धरून ठेवणारे मिश्रण या तिन्हींचा कस तेथे लागतो.

युरोपीय संघाने २०१२ साली टायरांवर श्रेणीदर्शक लेबल लावणे सक्तीचे केले, तेव्हा ओल्या रस्त्यावरील पकडीच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या श्रेणीत ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबताना १८ मीटरपर्यंत अंतर पडू शकते, असे त्या योजनेच्या माहितीत नमूद केले होते. १८ मीटर म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या चार मोटारींची लांबी. या अंतराचा अर्थ पुष्कळांना पुरता उमगत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन मोटारींनी एकाच क्षणी ब्रेक दाबला, त्यांपैकी एक ४० मीटरांत थांबली आणि दुसरीला ५० मीटर लागले असे समजा. पहिली मोटार जेथे पूर्णपणे स्थिर झाली, त्याच ठिकाणी दुसरीचा वेग अद्याप ताशी सुमारे ३६ किलोमीटर असतो. समोर रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर पहिल्या चालकाला तो वाचल्याचे समाधान मिळते आणि दुसऱ्याच्या हातून त्याला जबर धडक बसते. दहा मीटरांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु रस्त्यावर तो जीवनमरणाचा ठरू शकतो.

आता आपल्या मुलखाची स्थिती पाहा. कोकणच्या किनारपट्टीवर वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या माथ्यावर काही ठिकाणी तो याच्या दुपटीवर जातो. आणि गणेशोत्सवाच्या निमित्ताने मुंबई-पुण्याहून लक्षावधी कुटुंबे घाटांतील वळणांवरून कोकणात उतरतात ती बहुधा पाऊस पुरता सरला नसतानाच. नागपूर-चंद्रपूरकडे पावसाइतकाच उन्हाळा कठोर. पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या रस्त्यावरून धावताना टायरचे तापमान हवेच्या पुष्कळ वर चढते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा, सिमेंट काँक्रीटचा, आणि मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर वेगमर्यादेचा; ताशी ८० च्या तुलनेत १२० च्या वेगात मोटारीची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. त्या मार्गावर प्रारंभीच्या काळात झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणीच टायरांची तपासणी सुरू केली, हे अनेकांना स्मरत असेल. मात्र टायर फुटण्याचे कारण बहुतेक वेळा त्याची कमी किंमत हे नसून कमी भरलेली हवा, प्रमाणाबाहेर लादलेला भार, जुने झालेले रबर आणि पूर्वी लागलेला एखादा दुर्लक्षित मार, ही असतात. हवा कमी असलेल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि दीर्घकाळ वेग कायम राहिला म्हणजे तीच उष्णता टायरचे थर सुटे करते. महाग टायर या छळाला थोडा अधिक काळ तोंड देईल, परंतु त्यापासून अभय कोणालाच नाही.

आपल्या बाजारातील श्रेणी

परदेशी नियतकालिकांतून महाग आणि स्वस्त टायरांची जी तुलना येते ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू करता येत नाही. तेथील स्वस्त टायर हा बहुधा आयात केलेला, अल्पपरिचित नावाचा माल असतो. भारतात जून २०२० मध्ये केंद्र शासनाने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, त्यामुळे असा माल पूर्वीच्या मानाने कमी झाला. शिवाय मोटारीच्या टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे आपल्याकडे सक्तीचे आहे, आणि ओल्या रस्त्यावरील पकड, फिरण्यातील रोध व आवाज यांच्या मर्यादाही शासनाने २०२२ मध्ये अधिसूचित केल्या. परिणामी आपल्या दुकानांत ‘माफक’ म्हणून जे मांडले जाते ते पुष्कळदा एमआरएफ, अपोलो, सीएट किंवा जेके अशा जुन्या भारतीय कंपन्यांचेच टायर असतात, आणि ‘महाग’ म्हणून मिशेलिन, ब्रिजस्टोन, काँटिनेंटल, पिरेली यांची नावे घेतली जातात.

परंतु नावावरून श्रेणी ठरवण्यात एक गफलत आहे. प्रत्येक कंपनी एकाच मापात दोन-तीन नमुने काढते. त्यांतील एक अधिक किलोमीटर टिकावा म्हणून घडवलेला असतो, दुसरा पकड आणि शांत प्रवास यांसाठी, तर तिसरा इंधनबचतीसाठी. टॅक्सीचालकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला दीर्घायुषी नमुना नामांकित कंपनीचा असला तरी पावसात तो तिच्याच दुसऱ्या नमुन्याच्या मागे राहू शकतो. शिवाय नावांच्या सीमारेषाही आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत: अपोलोने २००९ साली व्रेडेस्टाइन ही जुनी डच कंपनी विकत घेतली, आणि ब्रिजस्टोनचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे. म्हणून दुकानदाराला ‘चांगल्या कंपनीचा दाखवा’ एवढेच न सांगता ‘या कंपनीच्या कोणकोणत्या नमुन्यांत माझे माप मिळते आणि त्यांपैकी ओल्या रस्त्यासाठी कोणता’ असे विचारावे.

ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारे काही टायरांवर आढळतात. ते इंधनबचतीचे, म्हणजे फिरण्यातील रोधाचे, निदर्शक आहेत. पावसातील पकडीचा दाखला म्हणून ते वाचू नयेत. युरोपात विकला जाणारा नमुना आपल्याकडेही मिळत असेल, तर त्याच्या तेथील लेबलवरील ओल्या रस्त्याची श्रेणी, जी २०२१ पासून ए ते ई अशा पाच अक्षरांत दिली जाते, पाहून घेणे उपयुक्त ठरते. मात्र नाव तेच असले तरी प्रदेशागणिक मिश्रण बदलू शकते, हे ध्यानात ठेवावे.

जमाखर्च कसा मांडावा

टायरचा खरा दर बिलावर छापलेला नसतो. तो प्रति किलोमीटर काढावा लागतो. केवळ उदाहरणादाखल असे धरू, की माफक टायर ४,५०० रुपयांचा आहे व ३५ हजार किलोमीटर टिकतो, आणि महाग टायर ७,००० रुपयांचा आहे व ५० हजार टिकतो. चार टायरांचा खर्च अनुक्रमे १८ हजार आणि २८ हजार. म्हणजे किलोमीटरला सुमारे ५१ पैसे आणि ५६ पैसे. वर्षाला १० हजार किलोमीटर मोटार चालत असेल, तर दोहोंतील अंतर वर्षाकाठी साडेचारशे रुपयांच्या आसपास येते. दुकानात एकदम दहा हजारांचे वाटणारे ओझे अशा रीतीने मांडले की किती हलके होते, ते दिसते. आणि महाग टायर इंधनात थोडी जरी बचत करत असेल, तर तेही अंतर भरून निघण्याचा संभव आहे.

हाच हिशेब दुसऱ्या एका गृहस्थाच्या बाबतीत मात्र निराळा निघतो. निवृत्त दांपत्य, मोटार वर्षाला चार हजार किलोमीटर चालते, तीही मंडई, दवाखाना आणि नातेवाइकांची घरे यांच्यापुरती. सहा वर्षांत २४ हजार किलोमीटर होतील. तोवर नक्षी शिल्लक राहील, परंतु रबर ऊन, हवा आणि काळ यांनी कडक होऊन त्याच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागतील आणि टायर बदलावाच लागेल. ५० हजार किलोमीटर टिकण्याची जी शक्ती त्यांनी विकत घेतली, तिच्यातील निम्म्याहून अधिक भाग वापराविना जाईल. अशा दांपत्याला दीर्घायुष्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. अधिक पैसे द्यावयाचेच असतील तर ते पकडीसाठी द्यावेत.

या हिशेबात आणखी एक पोटबाब जमेस धरावी. टायरचे आयुष्य सांगताना नक्षी कायदेशीर मर्यादेपर्यंत झिजेल असे गृहीत धरलेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९४ व्या नियमानुसार मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. नव्या टायरची खोली साधारणतः आठ मिलिमीटरांच्या आसपास असते. परंतु पाणी सारण्याची शक्ती त्या मर्यादेच्या बरीच आधी क्षीण होते, म्हणून पावसाळी प्रदेशात तीन मिलिमीटर ही स्वतःपुरती मर्यादा मानावी, असे माझे आग्रहपूर्वक सांगणे आहे. म्हणजेच जाहिरातीतील किलोमीटरांपैकी सुमारे एक पंचमांश सोडून देऊनच हिशेब मांडावा. महाग टायर घेऊन, त्याची किंमत वसूल करण्याच्या हट्टाने तो अखेरच्या मिलिमीटरपर्यंत वापरणे, हा व्यवहार दिसायला काटकसरीचा असला तरी त्यात ज्या गुणासाठी पैसे दिले तोच गुण आपण आपल्या हाताने नष्ट करत असतो.

कोणी काय घ्यावे

आता निरनिराळ्या परिस्थितींत काय करावे हे क्रमाने सांगतो. ज्यांची मोटार मुख्यतः शहरात, ताशी ४०-५० किलोमीटरच्या आत चालते आणि वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरांहून अधिक धावत नाही, त्यांनी नामांकित कंपनीचा, मोटारीबरोबर आलेल्या मापाचा, मध्यम किमतीचा नमुना घ्यावा आणि निर्धास्त राहावे. शहरातील खड्डे आणि फुटपाथच्या कडा यांचा मार महाग आणि माफक दोन्ही टायरांना सारखाच लागतो. भिंतीला फुगा आला की सात हजारांचा टायरही टाकूनच द्यावा लागतो.

जे दर आठवड्याला द्रुतगती मार्गाने किंवा समृद्धीने प्रवास करतात, ज्यांचे घर कोकणात वा घाटमाथ्यावर आहे, किंवा जे रात्री-अपरात्री कुटुंबासह लांब पल्ल्याला निघतात, त्यांनी वरच्या श्रेणीतील, ओल्या रस्त्यावरील पकडीसाठी नावाजलेला नमुना घ्यावा. अधिक पैशांचा पुरेपूर मोबदला येथे मिळतो. भाड्याने मोटार चालवणाऱ्याचे गणित किलोमीटरांचे असते. वर्षाला ५०-६० हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीला दीर्घायुषी नमुना परवडतो, परंतु त्याने जूनच्या आरंभी नक्षीची खोली मोजून घेतल्यावाचून पावसाळ्यात पाऊल टाकू नये, कारण त्याच्या मोटारीत बसलेला प्रवासी टायरची निवड करू शकत नाही. मोटार वर्षभरात विकावयाची असेल, तर मध्यम नमुना पुरे. पण ‘आपल्याला थोडेच वापरायचे आहेत’ म्हणून तिला अविश्वसनीय टायर चढवणे हे पुढील मालकाशी प्रामाणिकपणाचे नाही.

दोन गोष्टी मात्र कोणीही, कितीही अडचणीत असला तरी, घेऊ नयेत: एक, दुसऱ्याने वापरून टाकलेले टायर, आणि दुसरे, झिजलेल्या टायरवर पुन्हा नक्षी कोरून नव्यासारखे दिसणारे टायर. त्यांच्या आतील थरांना काय मार लागला आहे हे बाहेरून कळण्यास मार्ग नसतो, आणि कोरताना पोलादी पट्ट्यांवरचे रबर आणखी पातळ केलेले असते. पैशांची अडचण असेल तर चारऐवजी दोन नवे टायर घ्यावेत, हे या दोहोंपेक्षा शतपटीने बरे.

दुकानात पाहावयाच्या गोष्टी

टायरच्या भिंतीवरचा मजकूर हा त्याचा दस्तऐवज आहे आणि तो वाचणे कठीण नाही. १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले असेल, तर १८५ ही मिलिमीटरांत रुंदी, ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे इंचांत रिमचा व्यास, ८८ हा भारांक म्हणजे त्या टायरने ५६० किलो भार सोसावा असे ठरलेले, आणि एच हे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा दर्शवणारे अक्षर. टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. आपल्याकडे एवढ्या वेगाने जावयाचे नसले तरी हे अक्षर टायरच्या उष्णता सोसण्याच्या सामर्थ्याशी निगडित आहे. म्हणून मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारांकापेक्षा आणि वेगाच्या अक्षरापेक्षा खालचा टायर, तो कितीही स्वस्त मिळत असला तरी, स्वीकारू नये. शोभेसाठी रुंद किंवा कमी उंचीच्या भिंतीचे टायर बसवण्याचा मोहही आवरावा. खड्ड्यांचा आघात झेलण्यास भिंतीची उंची लागते.

त्यानंतर पाहावी ती जन्मतारीख. भिंतीवरच्या अंडाकृती चौकटीत चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. वर्ष उलटून गेलेला माल सवलतीत देऊ केला तर त्याला नकार देण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि महाग, कमी खपाच्या मापांत असा जुना माल पडून असण्याची शक्यता अधिक, हे ध्यानात ठेवावे. आयएसआय चिन्ह पाहावे, टायरचे क्रमांक नोंदवलेले पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद मागून घ्यावा. कंपनीची हमी बहुधा निर्मितीतील दोषांपुरती असते आणि भरपाई शिल्लक नक्षीच्या प्रमाणात मिळते. खड्ड्याने आलेला फुगा किंवा काप तीत सहसा येत नाही, परंतु काही कंपन्या काही नमुन्यांवर अशा मारालाही हमी देतात, तेव्हा तिच्या अटी पैसे देण्यापूर्वी वाचाव्यात.

टायर चढवताना व्हॉल्व्ह नवे बसवून घ्यावेत, चारही चाकांचे बॅलन्सिंग आणि पुढच्या चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल किंवा बाहेरची बाजू दर्शवलेली असेल तर टायर त्याप्रमाणेच बसला आहे याची खातरजमा करावी. एका आसावरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे व एकाच नमुन्याचे असावेत. दोनच नवे घेतले असतील तर ते मागे बसवावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते, कारण पुढची चाके ओढतात आणि वळतात. परंतु ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर वेग कमी करून मोटार सावरण्याची आशा असते, मागची घसरली तर मोटार स्वतःभोवतीच फिरते आणि ते सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते. नव्या टायरांवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर संयमाने चालवावे, म्हणजे वरचा गुळगुळीत थर निघून जातो.

निगा हीच अर्धी किंमत

आठवडा-पंधरवड्यातून एकदा, मोटार चाललेली नसताना, टायर थंड असता हवा तपासावी. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर जो आकडा दिला आहे तो प्रमाण मानावा, आणि कुटुंब व सामान भरून निघताना पूर्ण भारासाठी दिलेला आकडा घ्यावा. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी आढळते ती सर्वथा घातक आहे. नायट्रोजन भरून घेण्यास हरकत नाही, परंतु साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तेव्हा त्यावर भरवसा ठेवून हवा तपासण्याचे टाळू नये. आठ-दहा हजार किलोमीटरांनी टायरांची जागा आलटून-पालटून घ्यावी. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी, दहा वर्षांपलीकडे कोणताही टायर, स्टेपनीसुद्धा, वापरू नये. नक्षीच्या खाचांत आडवे बसवलेले रबराचे छोटे बांध नक्षीच्या पातळीला आले, म्हणजे कायद्याची मर्यादा गाठली. आपण त्याच्या पुष्कळ आधी थांबावे.

निवडीला निघण्यापूर्वी वाचकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत: माझी मोटार वर्षाला किती किलोमीटर चालते, त्यांतील किती महामार्गावर, किती पावसात, आणि तीत बहुधा कोण बसलेले असते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दीर्घायुष्यासाठी पैसे द्यावेत की नाही हे ठरवील. दुसरे आणि तिसरे पकडीसाठी किती द्यावेत हे ठरवतील. आणि चौथे, संशय उरल्यास, कोणत्या बाजूला झुकावे हे सांगेल. या विचाराअंती ज्याने मध्यम टायर घेतला त्याने कमी घेतल्याची खंत बाळगू नये, आणि ज्याने वरच्या श्रेणीचा घेतला त्याने आता निगेची गरज संपली असे मानू नये. उरलेल्या पैशांतून माफक टायरवाल्याने एक साधे हवामापक यंत्र आणि नक्षीची खोली मोजण्याची पट्टी घ्यावी, महाग टायरवाल्याने तर ती घ्यावीच. आणि दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसापूर्वी, ती दोन्ही हाती घेऊन पाचही टायर स्वतः तपासावेत.